युद्धेतिहासाच्या भेंड्या

कवितांच्या भेंड्या लावण्याचा छंद आपल्या सुशिक्षित घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एकाने श्लोक वा आर्या म्हणावी, तिच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने आपला आरंभ करावा, आणि ज्याचा साठा आधी संपेल त्याच्यावर भेंडी चढावी, हा त्याचा सर्वांस ठाऊक असलेला नियम. या खेळाने मराठी मुलांच्या जिभेवर मोरोपंत आणि वामनपंडित नांदते ठेवले, हे त्याचे उपकार कोणी नाकारणार नाही. परंतु भेंड्यांत जिंकणारा मुलगा काव्याचा मर्मज्ञ असतोच असे नाही, हेही सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्याला ओळ आठवते. ती ओळ चांगली का, हे त्यास कोणी विचारीत नाही, आणि तो आपण होऊन सांगू लागला तर पुढच्या गड्याची पाळी अडून राहते.

हाच खेळ युद्धांच्या इतिहासावर खेळला जाऊ लागला म्हणजे काय होते, ते पाहण्याचा योग आम्हांस गेल्या विजयादशमीस भंडारा येथे एका आप्ताच्या घरी आला. शस्त्रपूजा आटोपली होती, आपट्याची पाने देऊन झाली होती, आणि माजघरात तीन पिढ्यांची मंडळी एकत्र बसली होती. यजमानांचे वडील पूर्वी शाळेत इतिहास शिकवीत. घरात त्यांस सारे आबाजी म्हणतात. त्यांच्या समोर त्यांचा मोठा नातू बसला होता. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा असून, शहरातील एका अभ्यासिकेत रोज दहा-दहा तास घालवितो. दोघांत झुंज लागली. पानिपत? १४ जानेवारी १७६१. असई? २३ सप्टेंबर १८०३. आडगाव? त्याच वर्षाची २९ नोव्हेंबर. गाविलगड केव्हा पडला? १५ डिसेंबर. देवगावचा तह? १७ डिसेंबर. एकाचा प्रश्न संपतो न संपतो तोच दुसऱ्याचे उत्तर हजर! बायकामुले कौतुकाने पाहत होती, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही त्या कौतुकात सामील होतो.

मग गाडी सीताबर्डीवर आली. ती लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात २६ आणि २७ या तारखांस झाली. इंग्रजांचा सेनापती लेफ्टनंट कर्नल स्कॉट, रेसिडेंट जेंकिन्स, घोडदळाचा हल्ला करणारा कॅप्टन फिट्झजेराल्ड, आणि इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून सुमारे साडेतीनशे, अशी सारी उत्तरे आबाजींनी एका दमात दिली. तेव्हा आठ-नऊ वर्षांचा धाकटा नातू, जो आतापर्यंत गप्प होता, मध्येच म्हणाला, “आबाजी, आणि आपले किती गेले?”

आबाजी थांबले. मोठ्या नातवाने मनातल्या मनात पुस्तकाची पाने उलटली. अखेर आबाजी म्हणाले, “बाळा, हे मला आजवर कोणी विचारलेच नव्हते.” खेळ पुढे चालू झाला खरा, पण त्यातील रंग गेला होता. आमचे लक्ष तर त्या मुलाच्या प्रश्नावरून हललेच नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे भाष्य होय.

प्रथम या खेळाच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. सनावळीची थट्टा करणे आज सोपे झाले आहे. परंतु ज्यास असई आधी की सीताबर्डी आधी हे ठाऊक नाही, तो नागपूरच्या राज्याचा ऱ्हास कसा झाला याविषयी विचार तरी कशाच्या आधारे करणार? १८०३ च्या डिसेंबरात दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावच्या तहाने कटक व वऱ्हाड गमावले, आणि त्यानंतर चौदा वर्षांनी अप्पासाहेबांनी सीताबर्डीवर हत्यार उचलले. हे अंतर ज्यास कळले, त्यास अप्पासाहेबांच्या धाडसातील असाहाय्यता थोडी तरी कळते. तारखा या इतिहासाच्या खुंट्या होत. खुंट्यांवाचून वस्त्रे टांगता येत नाहीत. मात्र ज्या घरात भिंतभर खुंट्याच आहेत आणि वस्त्र एकही नाही, त्या घरास संपन्न कोणी म्हणत नाही. आमचा आक्षेप स्मरणशक्तीवर नाही. काय स्मरावयाचे हे ठरविणाऱ्या प्रश्नावर आहे.

आता सीताबर्डीचेच उदाहरण घेऊ. इंग्रजांकडे सुमारे १,४०० लोक होते आणि भोसल्यांकडे १८,००० ते २०,०००, त्यांत तीन-चार हजार अरब, हे आकडे पाठ असलेली पुष्कळ मंडळी आहेत. यांतील पहिला आकडा हजेरीपटावरचा आहे. दुसरा आकडा टेकडीवरून खाली पाहणाऱ्या, आणि जिंकल्यानंतर अहवाल लिहिणाऱ्या पक्षाचा आहे. शत्रूची संख्या जितकी मोठी तितका आपला पराक्रम मोठा, हा हिशेब जगातील कोणत्याही सेनापतीस शिकवावा लागत नाही. यावरून तो आकडा खोटा ठरत नाही. सीताबर्डीवर भोसल्यांची फौज अनेक पटींनी अधिक होती याविषयी वाद नाही. तथापि एक मोजलेला आणि एक अजमासाचा असे दोन आकडे भेंड्यांत एकाच खात्रीने उच्चारले जातात, आणि ऐकणाऱ्यास त्यांतील भेद कळण्यास मार्ग राहत नाही. परीक्षकही दोहोंस सारखेच गुण देतो.

धाकट्या नातवाच्या प्रश्नाचे मूळही येथेच आहे. कंपनी सरकारच्या पलटणीत प्रत्येक शिपायाचे नाव पटावर असे, कारण त्याचा पगार, त्याचे निवृत्तिवेतन आणि तो मेल्यास त्याच्या वारसाचा हक्क त्या नावावर अवलंबून असे. मेलेला मनुष्य हिशेबातून वजा करावा लागे, म्हणून तो मोजला जाई. याउलट अरबांच्या बेड्यांचा व्यवहार बहुधा त्यांच्या जमादाराशी होई. रक्कम जमादाराच्या हाती पडे आणि माणसे त्याची त्याने सांभाळावयाची. ज्याचे नाव दरबारच्या पटावर चढले नाही, त्याचे मरण तरी तेथे कसे चढणार? तेव्हा एका पक्षाचे मृत आपणांस अंकांनी ठाऊक असतात आणि दुसऱ्याचे नुसत्या ‘पुष्कळ’ या शब्दाने, याचे कारण शौर्यात किंवा भ्याडपणात नसून जमाखर्चाच्या पद्धतीत आहे. आमच्या मते ही गोष्ट फिट्झजेराल्डच्या नावापेक्षा अधिक स्मरणीय आहे. कारण ते राज्य का टिकले नाही, यावर तिने थोडा प्रकाश पडतो.

परंतु त्या मुलाच्या प्रश्नात याहूनही अवघड असा एक शब्द होता, आणि तो शब्द म्हणजे ‘आपले’. त्या दिवशी सीताबर्डीवर आपले कोण होते? टेकडी राखणाऱ्या पायदळात मद्रासच्या विसाव्या आणि चोविसाव्या पलटणींचे शिपाई होते, आणि फिट्झजेराल्डच्या हाताखाली बंगालच्या सहाव्या रिसाल्याचे स्वार होते. इंग्रजांचा म्हणून जो विजय आपण शिकतो, तो मिळविणारे बहुतेक सारे हिंदुस्थानचेच लोक होते. उलटपक्षी नागपूरकरांच्या वतीने जे सर्वांत चिवटपणे लढले, ते अरब समुद्रापलीकडून आलेले. लढाई हरल्यावर आणि दरबार शरण गेल्यावरही ते शहर सोडीनात. २४ डिसेंबरास इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतविला, आणि ३० डिसेंबरास अटी ठरवून मगच ते बाहेर पडले.

त्या चोविसाव्या पलटणीची तर एक स्वतंत्र कथा आहे. १८०६ साली वेल्लोर येथे शिपायांचे जे बंड झाले, त्यात ही पलटण गुंतली होती. तेव्हा ती मद्रास सैन्यातील पहिली म्हणून ओळखली जाई. शिक्षा म्हणून तिचा मानाचा क्रमांक काढून तिला चोविसावी करण्यात आले. सीताबर्डीच्या विजयानंतर त्या शिपायांनी आपला जुना क्रमांक परत मागितला, आणि तो त्यांस मिळाला. वेल्लोरास परकीयांविरुद्ध उठलेली पलटण अकरा वर्षांनी नागपुरास परकीयांसाठी रक्त सांडते, आणि मोबदला मागते तो गेलेल्या नावाचा! यास राजनिष्ठा म्हणावे, की मानभंगाची वेदना म्हणावे? चार पर्यायांपैकी एकावर खूण करून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पण सीताबर्डीविषयी ज्यास खरोखर काही जाणून घ्यावयाचे आहे, त्याने हाच प्रश्न स्वतःस विचारावयाचा आहे.

चार पर्यायांचा उल्लेख आलाच आहे, तर भंडाऱ्याच्या जवळचेच एक उदाहरण देतो. तुमसराजवळ सातपुड्याच्या एका टेकडीवर आंबागडचा किल्ला आहे. तो कोणी बांधला, हा प्रश्न त्या संध्याकाळीही निघाला होता. एकाने गोंड राजाचे नाव घेतले, दुसऱ्याने पठाणाचे, तिसऱ्याने भोसल्यांचे. आणि बराच कलकलाट झाला. वस्तुस्थिती अशी की, देवगडच्या बख्त बुलंद या राजाचा सुभेदार राजा खान पठाण याने सुमारे १७०० साली तो बांधविला. राज्य गोंडाचे, त्या गोंड राजाने औरंगजेबाच्या दरबारी इस्लामचा स्वीकार केलेला, किल्ला उभारणारा अधिकारी पठाण, आणि पुढे भोसल्यांच्या अमलात त्याच किल्ल्याचा तुरुंग झाला. तेथील कैद्यांस आतल्या विहिरीचे कुजलेले पाणी पाजून मारीत, अशी आख्यायिका त्या भागात सांगतात. आता गोंड म्हणणारा चुकला काय? पठाण म्हणणाराही चुकला नाही. आणि भोसले म्हणणाऱ्याच्या आजीने त्यास तुरुंगाची गोष्ट सांगितलेली असणार. तिच्या लेखी किल्ला म्हणजे तो तुरुंगच. किल्ल्याचा सारा इतिहास या तिघांच्या भांडणातच आहे. परीक्षकाने एक उत्तर बरोबर ठरवून भांडण मिटविले, की इतिहासही मिटला.

नावांच्या सारखेपणाने होणारे घोटाळे याहून गमतीचे असतात. अप्पासाहेबांच्या बाजूने १८१८ साली कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल उठला, आणि त्याच्यावर कॅप्टन गॉर्डनची फौज चालून गेली. हा कामठा निराळा, आणि नागपूरच्या उत्तरेस १८२१ साली इंग्रजांनी छावणी वसविली ती कामठी निराळी. पण एका वेलांटीच्या फरकाने बंडखोराचे गाव आणि बंड मोडणाऱ्यांची छावणी एकच होऊन बसतात. शिवाय हा कामठा पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तो तिकडे गेला. त्यामुळे ‘भंडारा जिल्ह्यातील उठाव’ म्हणून जुन्या पुस्तकात जे उत्तर बरोबर आहे, ते नव्या नकाशावर चूक ठरते. त्या संध्याकाळी यावरूनही आजा-नातवांत खडाजंगी झाली, आणि दोघेही आपापल्या पुस्तकाशी प्रामाणिक होते!

येथे पुस्तकांचा विचार आपोआपच येतो. आपली पुष्कळशी ठरीव उत्तरे अखेर कोठून आली? ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. कॅपनसाहेबाने केलेले त्याचे मराठी भाषांतर शाळांतून वाचले जाऊ लागले, आणि सातारच्या या माजी रेसिडेंटाचे शब्द आपल्या मुलांची उत्तरे झाली. नागपूरकरांपुरते पाहू गेल्यास काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ हे मोठे साधन. ती दरबारची माहिती असलेल्या मनुष्याने लिहिली, हा तिचा गुण होय. पण ती लिहविली कोणी? रेसिडेंट जेंकिन्स याने. म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीवर जो स्वतः एका पक्षाचा प्रमुख म्हणून हजर होता, त्याने! प्रश्न विचारणाराच लढाईतील एक पक्ष होता. उत्तर देणाऱ्याने खोटे लिहिले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण कोणाच्या पुढ्यात बसून लिहितो आहोत, हे लिहिणारा विसरला असेल असे मानणे भोळेपणाचे होईल. पुढे या. मा. काळे यांनी १९३४ साली ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ सिद्ध केला. बखरीची माहिती आणि इंग्रजी कागद जवळजवळ ठेवून वाचण्याची सोय त्यांनी मराठी वाचकास करून दिली, हे त्यांचे ऋण आहे. मात्र ते ग्रंथ घरात असूनही उघडले जातात ते बहुधा एखाद्या तारखेची शहानिशा करण्यापुरतेच.

वास्तविक उलटतपासणीची परंपरा आपणांस नवी नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६८ च्या सुमारास ग्रँट डफच्या इतिहासावर टीका केली, तेव्हा ते नुकते कोठे कॉलेजातले तरुण होते. आमच्या इतिहासाचा हा परीक्षक कोणत्या कागदांच्या आधाराने बोलतो, असे त्यांनी विचारले. म्हणजे विद्यार्थ्याने परीक्षकाचीच परीक्षा घेतली. १८९८ साली राजवाड्यांनी साधनांचा पहिला खंड काढला आणि पानिपताच्या आधीच्या काळातील अस्सल पत्रे लोकांपुढे ठेवून बखरींच्या विश्वसनीयतेचा प्रश्न ऐरणीवर आणला. अस्सल चिटोऱ्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या त्या मनुष्यास, आपल्या परिश्रमाचे पर्यवसान अखेर ‘अचूक पर्याय निवडा’ यात झालेले पाहून काय वाटले असते, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणखी एक परीक्षा आपण सहसा देत नाही, ती शेजाऱ्याच्या घरी जाऊन द्यावयाची. पहिल्या रघूजींच्या बंगालवरील स्वाऱ्या आमच्या भेंड्यांत मोठ्या अभिमानाने येतात. भास्करराम कोल्हटकरास १८४४ नव्हे, १७४४ साली अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून विश्वासघाताने मारले, हे सांगताना आबाजींचा कंठ दाटून आला होता. आणि १७५१ च्या तहाने बंगालकडून वर्षास १२ लाख चौथाई ठरली, हे सांगताना नातवाचा आवाज चढला होता. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. परंतु त्याच स्वाऱ्या बंगालच्या अंगाईगीतात शिरल्या आहेत, त्या ‘बर्गी’ या शब्दाने; आणि तेथे आई तो शब्द उच्चारते तो भयसूचक म्हणून. हा बर्गी म्हणजे आपला बारगीर. आमच्या वहीत जी मोहीम आहे, ती त्यांच्या पाळण्याशी अडीचशेहून अधिक वर्षे दहशत होऊन राहिली. मराठी मुलाने १२ लाखांचा आकडा जरूर पाठ करावा. पण तो आकडा कोणाच्या कोठारातून निघाला, हे विचारल्यावर त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही आणि मान फिरविण्याचेही कारण नाही. त्याने एवढेच म्हणावे की, ही गोष्ट तिकडे अशी सांगतात. एवढे म्हणता येणे हीच आमच्या मते इतिहासाच्या शिक्षणाची पहिली पायरी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो त्या थोरल्या नातवानेच आमच्याजवळ परतीच्या वेळी बोलून दाखविला. तो म्हणाला, “काकाजी, तुमचे म्हणणे पटते. पण परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. तिथे मी वेल्लोरचा विचार करत बसलो, तर माझी जागा दुसरा घेऊन जाईल.” या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, घरच्या परिस्थितीची जाणीव होती. ज्याच्या एका खुणेवर नोकरी आणि आईबापांचे म्हातारपण अवलंबून आहे, त्यास रसिकतेचे व्याख्यान देणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. आम्ही त्यास एवढेच म्हटले की, परीक्षेच्या दालनात परीक्षेचा नियम पाळावा, परंतु दसऱ्याच्या दिवशी माजघरात तरी तो नियम का पाळावा? घरचा खेळ हा घरचा आहे. तेथे गुण देणारे आपणच, आणि वेळही आपलाच.

परतताना आमची गाडी जवाहरनगरावरून गेली. चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धानंतर, १९६४ साली, येथे दारूगोळ्यासाठी लागणाऱ्या स्फोटकांचा सरकारी कारखाना उभा राहिला. भंडाऱ्यातील कितीतरी घरांच्या चुली त्याच्या पगारावर पेटल्या आहेत. याच कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्या दिवशी देशात कोठे लढाई चालू नव्हती. सीताबर्डीच्या लढाईतही दारूची एक गाडी पेटून उडाली होती, आणि तो स्फोट वृत्तांतकारांनी नोंदला, कारण तो लढाईच्या ऐन भरात झाला. पण ती दारू कोणी कुटली, कोणी वाहिली, आणि ती कुटताना कोणी भाजले की काय, हा प्रश्न युद्धेतिहासाच्या कोणत्याही भेंडीत आम्ही आजवर ऐकलेला नाही. भंडाऱ्याच्या मुलाने तो विचारावयास हरकत नाही. किंबहुना तो विचारण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणास क्वचितच असेल.

दिवाळीनंतर आबाजींचे पत्र आले. त्यांनी लिहिले आहे की, भाऊबीजेच्या रात्री भेंड्या पुन्हा रंगल्या. पण धाकट्याच्या हट्टामुळे या वेळी एक नवा नियम घालावा लागला. उत्तर देणाऱ्याने, ‘हे कोण सांगतो?’ या प्रश्नाचेही उत्तर द्यावयाचे; न दिल्यास अर्धाच गुण. आबाजी पुढे लिहितात की, पूर्वी तासाभरात शंभर प्रश्न होत, ते या खेपेस अकरा झाले, आणि त्यांचे स्वतःचे गुण निम्म्यावर आले. कपाटातील काळ्यांचा ग्रंथ मात्र खाली काढावा लागला, आणि त्यावरची धूळ झटकण्याचे काम थोरल्याकडे आले. पत्राच्या शेवटी त्यांनी आम्हांस विचारले आहे की, अरबांच्या जमादारांचे हिशेब कोठे पाहावयास मिळतील. आम्ही त्यांस नागपूरच्या दप्तरखान्यात बरोबर चलण्याचे आमंत्रण धाडले आहे, आणि धाकट्यासही संगे आणण्यास कळविले आहे.